जॉर्ज टेलर: भट्टीचा कारकून ते स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून ही गोष्ट इथे नीट सांगतो.

जॉर्ज टेलर १७३६ च्या सुमारास आयर्लंडहून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला आला. खिशात पैसे नव्हते. अशा लोकांचं जहाजभाडं मालक भरायचा आणि त्या बदल्यात काही वर्षं राबवून घ्यायचा. टेलर अशा कराराने एका लोखंडाच्या भट्टीवर लागला. थोडं शिक्षण होतं, म्हणून तो कारकून झाला. खनिज किती आलं, कोळसा किती जळला, माल किती निघाला, सगळा हिशेब त्याच्या हाताखालून जायचा. धंदा तो तिथेच शिकला. १७४२ मध्ये त्याने मालकाच्या विधवेशी लग्न केलं आणि कारभार हातात घेतला.

१७५५ मध्ये त्याने भागीदारासोबत डरहॅमची भट्टी भाड्याने घेतली. क्रांती सुरू झाल्यावर तिथून वॉशिंग्टनच्या सैन्यासाठी तोफगोळे जाऊ लागले. २ ऑगस्ट १७७६ ला त्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. एकूण ५६ जणांनी सही केली, त्यातले परदेशात जन्मलेले फक्त आठ.

आता धंद्याचं बोलू. भट्टीची जागा जोसेफ गॅलोवेच्या कुटुंबाची होती. गॅलोवे इंग्रजांच्या बाजूने गेला, म्हणून १७७८ मध्ये सरकारने त्याची मालमत्ता जप्त केली. भांडण मालकाचं, पण काही काळात भट्टी गेली टेलरच्या हातून! दुसरं म्हणजे मोठं गिऱ्हाईक होतं काँग्रेस. तिच्याकडे पैशांची कायम चणचण आणि तिने छापलेल्या कागदी नोटांची किंमत रोज घसरत होती. १७८१ मध्ये टेलर वारला तेव्हा मागे फारसं काही उरलं नव्हतं.

मी दुकान सुरू केलं तेव्हा एका ऑफिसला सलग चार महिने उधार माल दिला. ऑर्डर मोठी म्हणून खूश होतो. शेवटी होलसेलवाल्याचे पैसे द्यायला बायकोची एफडी मोडावी लागली.

म्हणून आज तीन कामं करा:

१. भाडेकरार काढून वाचा. जागा मालकाच्या वादात अडकली तर तुमचं काय होईल?

२. एकाच गिऱ्हाईकाकडून निम्म्याहून जास्त विक्री येते का, ते तपासा.

३. उधारीची मुदत आधीच लिहून घ्या.

टेलरने देशासाठी जोखीम जाणूनबुजून घेतली, त्याबद्दल त्याला सलाम. आपण मात्र नकळत जोखीम घेतो. फरक तिथेच आहे.