घटातलं धान पिवळं का असतं? हा रंग नसेल तर पान हिरवं होऊन टिकत नाही

घटस्थापनेला पत्रावळीवर माती पसरून पेरलेलं धान दसऱ्यापर्यंत वीतभर वाढतं. देवघरात उजेड कमी, म्हणून ते पिवळंधमक राहतं. शेतात मात्र तोच गहू, तीच ज्वारी हिरवी उगवते. मग घटातला हा पिवळा रंग येतो कुठून?

या रंगद्रव्याचं नाव कॅरोटिनॉइड. गाजराचा केशरी आणि झेंडूचा पिवळा रंगही याच कुळातला. गहू-ज्वारीच्या रोपाला हरितद्रव्य बनवताना शेवटच्या टप्प्यात उजेड लागतोच. कॅरोटिनॉइड मात्र अंधारातही तयार होतं. म्हणजे घटातलं पिवळेपण हा रोग नाही, ती हिरवं होण्याआधीची तयारी आहे.

अंधारात तयारी, उजेडात काम

पानाच्या पेशीत अतिशय पातळ पडदे असतात. उन्हातून अन्न बनवण्याचं काम या पडद्यांवर सुरू होतं. अंधारातल्या रोपात हे पडदे जाळीसारखे गुंडाळलेले असतात आणि त्यांत कॅरोटिनॉइड भरलेलं असतं. उजेड पडला की जाळी उलगडते, पडद्यांचे थर लागतात आणि हरितद्रव्य भरू लागतं. कोवळं धान उजेडात ठेवलं, तर काही तासांत हिरवी झाक दिसू लागते.

मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपावरचं एक संशोधन 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या रोपांत कॅरोटिनॉइडची घडण बिघडलेली होती, त्यांच्यात अंधारात ही जाळी बनतच नव्हती. उजेडात आणल्यावर त्यांना हिरवं व्हायलाही उशीर लागत होता.

दुसरं काम राखणीचं. जास्तीच्या उन्हात हरितद्रव्याजवळ घातक ऑक्सिजन तयार होतो. कॅरोटिनॉइड त्याला आवर घालतं. ते नसेल तर हरितद्रव्य जळतं, पडदे मोडतात आणि पान पांढरं पडतं.

मक्यातलं तण पांढरं पडतं ते यामुळेच

मक्यात टेंबोट्रायोन किंवा टोप्रामेझोन फवारलं की तणाची नवी पानं पांढरी होतात. या तणनाशकांमुळे तणात कॅरोटिनॉइड बनणं थांबतं आणि मग ऊनच त्याला मारतं. मका हे औषध लवकर पचवतो, म्हणून तो वाचतो. शेजारच्या कपाशीला किंवा भाजीपाल्याला ते जमत नाही.

म्हणून पिवळं आणि पांढरं यातला फरक ओळखायला हवा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली, तर नत्राची कमतरता असू शकते. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोहाची. लोह फारच कमी पडलं तर पान पांढुरकंही होतं, पण ते बहुतेक चुनखडीच्या पट्ट्यात दिसतं. बांधाकडच्या ओळींत नवी पानं अचानक पांढरी झाली, तर शेजारची फवारणी वाऱ्याने आली का, पंप नीट धुतला होता का, हे आधी बघावं. अशा पिकाला युरिया टाकून उपयोग नाही, पैसा मात्र जातो. पुढचं पीक घेण्याआधी तणनाशकाच्या लेबलवरचा कालावधीही वाचावा.

शेतात एखादंच रोप उगवतानाच पांढरं दिसलं, तर तो बहुधा बियाण्यातला जन्मजात दोष. दाण्यातला अन्नसाठा संपला की ते वाळून जातं. त्याला कुठलंही औषध लागू पडत नाही.