वेरमणी : काय करावयाचे नाही, हे ठरविताना

प्रातःवंदनेत आपली मुले रोज पंचशील ग्रहण करतात. त्या पाचही शिलांत 'वेरमणी' हा शब्द येतो. त्याचा अर्थ विरत राहणे. परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या आठही नकाराच्याच आहेत. समतेची प्रतिज्ञा नववी येते. नवे उभारण्यापूर्वी जागा मोकळी करावी लागते, असा हा क्रम आम्हांस वाटतो.

विद्याभ्यासालाही तो लागू पडतो. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मोजक्या वर्षांचीच होती. नाटके, भटकंती, चैनीचे खाणे त्यांनी वर्ज्य केले आणि वाचलेल्या पैशांतून जुनी पुस्तके घेतली. पुढे बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये आपल्या सोलापुरातच विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. निवास आणि भोजन ही त्याची उघड सोय. पण ज्या संध्याकाळी मुलाला कोणी कामाला जुंपणार नाही, अशी संध्याकाळ हीच त्याची मोठी देणगी होती, असे आम्ही मानतो.

ती संध्याकाळ आम्ही शिक्षकांनीच कधी कधी हिरावून घेतली, हे येथे कबूल केले पाहिजे. दहावीच्या मुलांना रात्रीचे जादा तास, त्यावर सराव परीक्षा, त्यावर जयंतीच्या नाटकाची तालीम. मुले पुस्तकावरच पेंगू लागली. अखेर रात्रीचे तास बंद केले आणि तालमी रविवारवर नेल्या. मन कचरत होते. वर्ग बंद करणारा शिक्षक आळशी ठरतो! पण मुले स्वतः शंका घेऊन येऊ लागली, ती त्यानंतरच.

मोबाईलविषयी पालक नेहमी विचारतात. शाळेत तो मुलांजवळ नसतोच. अडचण सुट्टीत येते. अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि हा नियम घरातील मोठ्यांनीही पाळावा. एका घरी दोन नियम असले की मूल सोयीचा तेवढा उचलते.

याहून अवघड गोष्ट लग्नसराईची. परीक्षेच्या तोंडावर हळदीला, बारशाला मुलाला न्यावयास पालक फाटकाशी उभे राहतात. नात्यागोत्याचा मान आम्ही जाणतो. तरीही विनंती आहे, की फेब्रुवारी-मार्चमधील निमंत्रणांना मुलाच्या वतीने आपणच नकार द्यावा. आजीसमोर किंवा मामासमोर तो नकार देणे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जमत नाही.