बस अमूर्तीकरण, बिनतारी उपकरणचालकातील

संगणक ज्या विद्युत् मार्गाने आपल्या उपकरणांशी माहितीची देवघेव करतो, त्यास बस म्हणतात. आणि उपकरणावर नियंत्रण ठेवणाऱ्या आज्ञावलीस उपकरणचालक किंवा ड्रायव्हर म्हणतात [⟶ संगणक]. एकाच जातीची वाय-फाय चिप यूएसबी, एसडीआयओ, एसपीआय अशा निरनिराळ्या बसने जोडलेली आढळते. अशा वेळी चालकातील बससापेक्ष भाग वेगळा काढून उरलेला गाभा सर्वांस सामाईक ठेवणे, यास बस अमूर्तीकरण असे म्हणतात. तसे न केल्यास प्रत्येक बससाठी संपूर्ण चालक नव्याने लिहावा लागतो व एका प्रतीत दुरुस्त झालेला दोष दुसरीत तसाच राहतो.

लिनक्समधील लिबर्टास हा चालक याचे बोधप्रद उदाहरण होय. रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेत २००७ मध्ये मुलांना दिलेल्या एक्सओ-१ लॅपटॉपांत मार्व्हेल कंपनीची ८३८८ ही चिप यूएसबीने जोडलेली होती. त्याच वर्षी लिबर्टास लिनक्सच्या २.६.२२ आवृत्तीत समाविष्ट झाला. पुढील एक्सओ-१.५ नमुन्यात ८६८६ ही चिप एसडीआयओवर आली, तरी चालक तोच राहिला.

लिबर्टासचा गाभा परिसरातील जाळी शोधणे, जोडणी करणे, आज्ञांची रांग सांभाळणे ही कामे करतो. चिपकडे काही पाठवावयाचे झाल्यास मजकूर, त्याची लांबी आणि तो आज्ञा आहे की विदा, एवढेच तो एका फलनदर्शकाद्वारे कळवितो. तो दर्शक कोणत्या फलनाकडे रोखावयाचा, हे उपकरण सापडताच बसभाग ठरवितो.

खरी अडचण मजकुराची नसून वेळेची असते. यूएसबीवर विनंती नोंदविताच चालक मोकळा होतो. पूर्ततेची सूचना मागाहून येते. एसडीआयओवर देवघेव संपेपर्यंत थांबावे लागते आणि व्यत्यय-सूचना हाताळताना तर थांबण्यास मुळीच मुभा नसते. लिबर्टासचा एसडीआयओ भाग पाकीट आपल्या यादीत ठेवून लगेच परततो. प्रत्यक्ष पाठवणी निराळा कार्यधागा करतो. सबब गाभ्याने परतलेल्या फलनाचा अर्थ ‘पाठविले’ असा न घेता ‘स्वीकारले’ एवढाच घ्यावयाचा असतो. हा करार सैल राहिला, तर एका बसवर सुरळीत चालणारा चालक दुसरीवर अवचित गोठतो, आणि असा दोष हुडकणे अतिशय कष्टाचे असते.

सर्वच भेद झाकता येत नाहीत, झाकूही नयेत. ८३८८ चिपमध्ये अंतर्गत आज्ञावली एकाच धारिकेतून चढविली जाते. ८६८६ मध्ये आधी लहान साहाय्यक आज्ञावली व नंतर मुख्य आज्ञावली असे दोन टप्पे पडतात. हे काम लिबर्टासमध्ये बसभागाकडेच ठेवलेले आहे. त्याच कंपनीच्या नंतरच्या चिपांसाठी २०११ मध्ये लिनक्स ३.० मध्ये आलेल्या एमवायफायएक्स चालकात आज्ञावली चढविणे, चिपला जागे करणे व पाकीट पाठविणे या क्रियांचे दर्शक एकाच सारणीत एकत्र केले आहेत. प्रारंभी एसडीआयओपुरत्या असलेल्या या चालकास पुढे पीसीआय एक्सप्रेस व यूएसबी हे भाग जोडण्यात आले.