वाटेवरचे दगडी क्रूस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला डेव्हन आणि कॉर्नवॉल या परगण्यांत माळरानावर, जुन्या पायवाटांच्या कडेला ग्रॅनाइटचे मध्ययुगीन क्रूस उभे आहेत. एकट्या कॉर्नवॉलमध्ये ते ३००हून अधिक आहेत.

क्रूस दिसला की त्याखाली कोणीतरी पुरलेले असणार, हा सर्वांत चिवट गैरसमज. प्रत्यक्षात यातले बरेचसे क्रूस वाट दाखवण्यासाठी उभारलेले आहेत. डेव्हनमधल्या डार्टमूरच्या पठारावर धुके उतरले की वाट सापडत नाही आणि पाऊल चुकले तर दलदल. बकफास्ट, टॅव्हिस्टॉक, बकलंड या मठांकडे जाणाऱ्यांना या क्रूसांचाच आधार होता. काही क्रूस शिवेचेही होते: १२४० साली डार्टमूरच्या राजवनाची हद्द ठरवताना सायवर्ड्स क्रॉसची खूण धरली गेली.

मृत्यूशी संबंध अगदीच नाही असे मात्र नव्हे. दूरच्या वाड्यांतून प्रेत खांद्यावर घेऊन चर्च गाठावे लागे. आपल्याकडे तिरडी विसाव्यावर टेकवतात, तशी तिथे ती क्रूसापाशी टेकवत. कॉर्नवॉलमधल्या क्रीड गावच्या धर्मगुरूने, रेजिनाल्ड मर्थरडर्वाने, १४४७च्या मृत्युपत्रात अशा जागी नवे क्रूस बसवण्यासाठी तरतूद केली. खांदेकऱ्यांना दम खाता यावा आणि मृतासाठी प्रार्थना व्हावी, हा हेतू.

डार्टमूरवरच्या ‘चाइल्ड्स टूम’वर क्रूस आणि थडगे दोन्ही आहेत, तरी दंतकथा खरी ठरत नाही. हिमवादळात सापडलेल्या चाइल्ड नावाच्या शिकाऱ्याने घोडा मारून त्याच्या पोटात आसरा घेतला आणि तिथेच तो गोठून मेला, अशी ती कथा. पण खालची दगडी पेटी कांस्ययुगातली, म्हणजे ख्रिस्ती क्रूसाच्या कल्पनेहूनही जुनी. १८१२मध्ये जवळच्या बांधकामासाठी इथले दगड उचलले गेले; आजची रचना १८९०ची.

कॉर्नवॉलच्या क्रूसांचे गोल माथे सूर्यपूजेचे अवशेष मानले जातात. मोजक्या ठिकाणी प्रागैतिहासिक उभ्या शिळेवरच क्रूस कोरलेला आढळतो, हे खरे. परंतु वर्तुळातला क्रूस आयर्लंड आणि ब्रिटनच्या ख्रिस्ती शिल्पकलेत रुळलेलाच होता आणि हे क्रूस बहुतांशी नवव्या ते तेराव्या शतकातले आहेत.

आज दिसणारे क्रूस मूळ जागीच आहेत, हेही गृहीत धरता येत नाही. सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेनंतर कित्येक मोडले गेले. शेतकऱ्यांनी उरलेल्यांचे फाटकाचे खांब केले, ओढ्यावर साकव म्हणून आडवे टाकले. अशा खांबांवर बिजागरीची भोके अजून दिसतात. सायवर्ड्स क्रॉस १८४६मध्ये मोडला. त्याचे तुकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले आहेत.