न बोलणारा 'के'

मी इंग्रजी शिकू लागलो त्या वर्षीची गोष्ट. धड्यात चाकूचे चित्र होते व खाली पाच अक्षरे : के, एन, आय, एफ, ई. मी खणखणीत आवाजात वाचले, 'क्नाइफ'. वर्ग हसला आणि तळहातावर छडी बसली. "यातला के बोलायचा नसतो," एवढेच गुरुजी म्हणाले. का बोलायचा नसतो, हे विचारण्याची आमची छाती नव्हती.

त्याचे उत्तर मला पुढे कॉलेजात मिळाले. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातले लोक हा 'के' स्वच्छ उच्चारीत असत. चाकूला ते 'क्नीफ' म्हणत. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने तिथे छापखाना काढला आणि पुढे छापील पुस्तकांमुळे शब्दांची स्पेलिंगे हळूहळू पक्की होत गेली. जिभेला मात्र कोण बांधून ठेवणार? सतराव्या शतकात हा 'क' गळू लागला आणि अठराव्या शतकात बोलण्यातून पार गेला. कागदावर तेवढा राहिला. शेजारचे जर्मन लोक गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात; इंग्रज 'नी' म्हणतो.

या 'के-एन'च्या घरातले दोन भाऊ पाहा. एक 'नाइट', दुसरा 'नेव्ह'. जुन्या इंग्रजीत दोघांचाही अर्थ पोरगा, मुलगा असाच होता. पुढे हाताखालचा चाकर असाही झाला. पहिल्याला सरदाराची चाकरी मिळाली, घोडा मिळाला, तलवार मिळाली आणि तो मानाचा शिलेदार झाला. दुसरा चाकरच राहिला, आणि चाकर म्हटला की लबाड असायचाच, या मोठ्या लोकांच्या समजुतीपायी 'नेव्ह' म्हणजे बदमाश ठरला. पत्त्यांत आपण ज्याला गुलाम म्हणतो, तोच हा नेव्ह. राजाच्या पानावर 'के' आणि याच्या पानावर 'के-एन', असा घोटाळा होऊ लागला, तेव्हा एकोणिसाव्या शतकात याचे 'जॅक' हे दुसरे नाव घेऊन पानावर 'जे' छापू लागले. शब्दांनाही नशीब असते, बरं का!

आणखी काही शब्द सांगतो. 'नॉट' म्हणजे गाठ, आणि त्यापासूनच 'निट' म्हणजे विणणे; विणणे म्हणजे मुळात गाठी मारणेच की! 'नीड' म्हणजे कणीक मळणे. 'नेल' म्हणजे कुणी वारल्यावर वाजवतात ती घंटा. 'नोल' म्हणजे लहानसे टेकाड. 'नॅप' म्हणजे गारगोटी ठोकून तिचे टवके काढणे. यांतले शेवटचे तीन आता फारसे कानावर येत नाहीत.

पण खरी गंमत पुढेच आहे. इंग्रजी 'नी' आणि संस्कृत 'जानु' हे एकाच मुळाचे शब्द. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. तसेच 'नो', म्हणजे जाणणे, आणि आपला 'ज्ञा' धातू. संस्कृतात जिथे 'ज' आला, तिथे इंग्रजीच्या कुळात 'क' आला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे हे नाते विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यातल्या व्याख्यानात मांडले होते.

आणि या 'ज्ञ'चे आपण तरी काय करतो? लिहिताना ज आणि ञ जोडतो. मराठीत म्हणतो 'द्न्य', हिंदीवाले म्हणतात 'ग्य', गुजराती म्हणतात 'ग्न'. म्हणजे लिहायचे एक आणि बोलायचे दुसरे, हे आपल्याही घरी चालतेच.

म्हणून शिक्षकबंधूंना एक विनंती. उद्या वर्गात एखादा पोरगा 'क्नाइफ' म्हणाला, तर त्याला हसू नका, वर्गालाही हसू देऊ नका. त्याने अक्षरे प्रामाणिकपणे वाचली आहेत. त्याला म्हणा, "बाळ, तू चुकला नाहीस, तुला फक्त तीनचारशे वर्षे उशीर झाला." मग आजचा उच्चार सांगा. तो शब्द तो जन्मात विसरणार नाही. मीही विसरलो नाही. पण माझ्या लक्षात राहिली ती छडी.