‘बंद’ बिस्कीट म्हणजे नेमकं काय?

बिस्कीट ‘बंद झालं’ असं म्हणताना चार वेगळ्या गोष्टींची गल्लत होते: कारखाना, वेष्टन, कृती आणि नाव. विलेपार्ल्याचा पारलेचा कारखाना २०१६ मध्ये थांबला, मेणकागदाच्या जागी प्लॅस्टिक आलं; पारले-जी मात्र दुकानात राहिलं. अमेरिकेतल्या ‘हायड्रॉक्स’चं तसं झालं नाही. दोन काळ्या चॉकलेटी चकत्या, मधे पांढरं क्रीम असं हे बिस्कीट १९०८ साली आलं. ‘ओरिओ’ आलं १९१२ मध्ये, तरी नकलेचा शिक्का बसला तो हायड्रॉक्सवरच. (हायड्रोजन आणि ऑक्सिजनवरून बेतलेलं नाव फिनेलच्या बाटलीला अधिक शोभलं असतं, हेही खरं.) हायड्रॉक्स बनवणारी ‘सनशाइन’ १९९६ मध्ये ‘कीबलर’ने घेतली. १९९९ मध्ये कृती बदलली, नाव ‘ड्रॉक्सीज’ झालं. २००१ मध्ये कीबलर ‘केलॉग’कडे गेली आणि २००३ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे मूळ चव गेली १९९९ मध्येच.

यावर आक्षेप असा, की ते परत आलंच की! आलं खरं: २००८ मध्ये शताब्दीनिमित्त थोड्या काळासाठी, आणि २०१५ पासून ‘लीफ ब्रँड्स’ या वेगळ्याच कंपनीकडून. पण परत येतं ते आधी नाव. अमेरिकी कायद्यात सलग तीन वर्षं न वापरलेलं व्यापारचिन्ह प्रथमदर्शनी सोडून दिलेलं मानलं जातं आणि ते दुसऱ्याला मिळू शकतं. जुनी कृती त्यासोबत आपोआप मिळत नाही.