खारीचा वाटा आणि खारीची विश्रांती

सभांमधून एक शब्द आमच्या कानी वारंवार पडतो, तो म्हणजे ‘खारीचा वाटा’. सेतू बांधताना वाळूचे कण आणून टाकणारी खार आणि तिच्या पाठीवरून फिरलेली रामाची बोटे, ही कथा आपणां सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. वर्गणी मागणारा कार्यकर्ता ती सांगतो आणि जादा काम मागणारा मालकही तीच सांगतो. परंतु खार प्रत्यक्षात कशी जगते, हे निवांतपणे पाहिलेले लोक थोडे. आम्ही ती पाहिली प्रवासात. कामगार संघटनेच्या कामासाठी गावोगाव हिंडताना गाडीची वाट पाहण्यात आमचे पुष्कळ तास गेले. त्या तासांनीच आम्हांला हा छंद लावला.

ह्या छंदाला ना तिकीट लागते, ना दुर्बीण. फलाटाच्या टोकाला एखादा कडुनिंब वा वड असतो. त्याच्या जवळच्या बाकावर स्वस्थ बसावे. थोड्याच वेळात पाखराचा वाटावा असा ‘चिप्‌ चिप्‌’ आवाज येतो आणि प्रत्येक हाकेसरशी शेपटीला झटका बसतो. ऐकणाऱ्याला ते गाणे वाटते. पण पुष्कळदा तो धोक्याचा इशारा असतो. अशा वेळी आजूबाजूला मांजर किंवा शिकरा दिसतो का, हे जरूर पाहावे.

धोका टळला की ती खोडावरून खाली येते, तीही डोके खाली करून! मांजराला हे साधत नाही. खारीच्या मागच्या पायांचे घोटे असे वळतात की पावले उलटी फिरवून नख्या सालीत रोवता येतात. मग दोन्ही हातांत दाणा धरून कुरतडणे सुरू होते. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजवत राहणे तिला भागच आहे. कधी ती तोंडात काथ्या, चिंधी किंवा कापूस घेऊन पळताना दिसली, तर जवळपास घरटे बांधणे चालले आहे असे खुशाल समजावे.

लांबच्या प्रवासात आणखी एक मौज करता येते. पाठीवरचे फिकट पट्टे मोजावेत. कथेप्रमाणे ते तीन; पण दिल्लीच्या बागेतील खारीच्या अंगावर ते पाच भरतात, आणि चेन्नईला पोहोचावे तर तीन! ह्या दोन निरनिराळ्या जाती आहेत. पाच पट्ट्यांची मुख्यतः उत्तरेकडील व कोरड्या मुलखातील, तीन पट्ट्यांची दक्षिणेकडील. महाराष्ट्रात दोन्ही आढळतात.

आता वाट्याविषयी. सिल्व्हर ओकच्या फुलांतील मध चाटताना खारीच्या तोंडाला पराग लागतात आणि ते एका फुलावरून दुसऱ्या फुलावर पोचतात. हा तिचा खरा वाटा. आणि तो तिच्याकडून कोणी मागितलेला नाही. ती पोट भरते, त्यातच झाडाचेही काम होते.

परंतु उन्हाळ्याच्या भर दुपारी तिला पाहा. सकाळभर क्षणाची उसंत न घेणारी ही खार सावलीतील फांदीवर पोट टेकून, चारी पाय सैल सोडून पडलेली असते. सालीचा गारवा घेते, ऊन उतरू देते, आणि मग पुन्हा कामाला लागते. रामकथा सांगणाऱ्यांनी ही दुपार मात्र आम्हांला कधी सांगितली नाही.

माणसाला ही दुपार भांडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पदरात रविवारची सुट्टी पडली. सुट्टी म्हणजे केवळ उद्याच्या कामासाठी अंग विसावणे नव्हे. डोळे उघडे ठेवून आजूबाजूचे जग पाहण्याचा तो अवकाश आहे. तो अवकाश हाती असूनही आपण तो कंटाळण्यात घालवतो, ही हळहळ वाटते.

म्हणून पुढच्या खेपेस गाडीला उशीर झाला, तर चौकशीच्या खिडकीवर एकदा विचारून यावे आणि मग झाडाकडे पाहत बसावे. खारीला खारट फरसाण मात्र टाकू नये. तिची भाकरी तिला शोधता येते. आपण फक्त पट्टे मोजावेत.